भिंगारदिवे सिस्टरांचा डावा हात

नीडल होल्डर उघडेना. सुई कातडीतून अर्धी बाहेर आली होती, तिचं टोक त्या हत्याराच्या जबड्यात घट्ट बसलं होतं, आणि मी अंगठ्यानं जितका जोर लावत होते तितकं ते आणखीच आवळत होतं. समोर टेबलावर एका बसचा कंडक्टर पडला होता. खिडकीची काच फुटून त्याचा हात मनगटापासून वर वीतभर फाटला होता.

"मॅडम, पहिलीच वेळ का?" त्यानं विचारलं.

"नाही, दुसरी," मी म्हणाले. नको तिथे माझं तोंड चालतं, ही माझी जुनी खोड आहे.

मी दात आवळून एक हिसका दिला. होल्डर उघडला खरा, पण तोवर सुईनं कातडीची कड फाडून टाकली होती. हात बधिर केलेला असल्यामुळे त्याला दुखलं नाही, पण नव्यानं वाहायला लागलेलं रक्त त्यानं पाहिलं, डोळे मिटले आणि त्याच्या गाडीच्या एकेका थांब्याचं नाव घ्यायला लागला.

"सपकाळ, बाजूला हो."

मागे डॉ. मेढेकर उभे होते, आमच्या शस्त्रक्रिया विभागाचे प्रमुख. ते कधी आले मला कळलं नव्हतं. त्यांनी हात धुतले, मोजे चढवले, मी केलेली फाटाफाट सावरून घेतली आणि पाच-सात मिनिटांत सगळी जखम शिवली. कंडक्टर आपल्या मार्गाच्या निम्म्यातही पोचला नसेल. मग त्यांनी मला बाहेर पॅसेजमध्ये बोलावलं.

"कोणत्या हातानं घालत होतीस टाके?"

"डाव्या, सर."

"कधीपासून?"

"जन्मापासून."

ते हसले नाहीत. "तुला इथे येऊन चार महिने झाले. उजव्यानं शिवतेस तेव्हा तुझी गाठ सुटते. डाव्यानं शिवतेस तेव्हा कातडी फाटते. आता मी तुझ्या हाती पेशंट कसा देऊ, ते तूच सांग."

मी हातातले मोजे काढायला लागले.

"हे बघ," ते म्हणाले, "हत्यारं उजव्या हातासाठी केलेली असतात. टेबल त्या हिशोबानं मांडलेलं असतं. समोरचा मदतनीस उजव्या हाताचा असतो. ह्या सगळ्यांशी भांडत बसायला पोट उघडल्यावर वेळ नसतो. महिनाअखेरपर्यंत थांबतो मी. एक पोट बंद करून दाखव, माझ्यासमोर, उजव्या हातानं. नाही जमलं तर पॅथॉलॉजीत एक जागा रिकामी आहे. बदलीचा अर्ज मी स्वतः लिहून देईन, चांगल्या शब्दांत."

हे त्यांनी चिडून म्हटलं असतं तर बरं झालं असतं. ते अगदी मायेनं बोलले, म्हणजे त्यांचं ठरलेलं होतं. पॅथॉलॉजीत वाईट काही नाही, पण मला शाळेत असल्यापासून सर्जन व्हायचं होतं. त्यापायी मी दोन स्थळं नाकारली होती, आणि त्यातलं एक खरोखरच चांगलं होतं.

तेव्हा नोव्हेंबरची आठ तारीख होती. म्हणजे हातात तीन आठवडे.

दुसऱ्या दिवशी दुपारी ऑपरेशनांची यादी संपल्यावर मी ऑटोक्लेव्हच्या खोलीत जाऊन बसले. हत्यारं आणि कपडे वाफेवर जंतुमुक्त करायची ती खोली. तिथे कायम उकडायचं, त्यामुळे कुणी फिरकायचं नाही, आणि मला तेच हवं होतं. खुर्चीच्या हाताला दोरा बांधून मी उजव्या हातानं गाठी मारत होते. दहातल्या सहा सुटत होत्या.

"कुणाच्या खुर्चीला टाके पडतायत?"

दारात भिंगारदिवे सिस्टर. थिएटरच्या मुख्य सिस्टर त्या. वय त्रेपन्न, अंगानं किडकिडीत, चष्म्याच्या काड्यांना मागून गॉझची पट्टी बांधलेली. नगरकडच्या. सर्जननं मागायच्या आत हवं ते हत्यार त्यांच्या हातातून पुढे यायचं, आणि चुकीचं मागितलं तर ते पुढे यायचंच नाही. सगळे त्यांना टरकून असायचे. मेढेकर सरसुद्धा आवाज चढवायचा तो त्यांच्याकडे पाठ करून.

"सराव करतेय, सिस्टर."

"कुठल्या हाताचा?"

"सर म्हणतात त्या."

त्या जवळ आल्या, कमरेवर हात ठेवून दोन गाठी बघितल्या. दोन्ही सुटल्या.

"हे व्हायचं नाही, डॉक्टर," त्या म्हणाल्या.

झालं. माझं तोंड सुटलं. "मग काय करू? पुस्तकात सगळी चित्रं उजव्या हाताची. आमच्यासारख्यांसाठी काय लिहिलंय माहितीये? 'डावखुऱ्यांनी वरील क्रम उलट करावा.' एक ओळ! आणि उलट करायला गेलं की होल्डरचं ते लॉक उघडत नाही, माणसाचं कातडं फाटतं. विचारावं तर कुणाला? हॉस्पिटलभर सगळे उजव्या हाताचे. उजव्या हाताच्या माणसांना काय कळणार आहे ह्यातलं?"

मला वाटलं, आता सिस्टर हजेरी घेणार. त्यांनी दार लोटून घेतलं.

"मी पण डावरीच आहे," त्या म्हणाल्या.

"तुम्ही? पण तुम्ही तर रजिस्टर उजव्या हातानं लिहिता."

"आमच्या शाळेत बाई रूळ मारायच्या बोटांवर. लिहिणं, जेवणं सगळं गेलं उजव्यावर. नोकरीत तर काय, समोरचा जसा हात पुढे करील तसं द्यायचं. पण शिवायचं म्हटलं की डावा. कुणाला सांगत नाही मी. तुम्ही पण बोलायचं नाही, सरांना तर मुळीच नाही."

मला इतकं हलकं वाटलं की मी त्यांना तिथल्या तिथे शिकवा म्हणून गळ घातली.

"आज नाही. आज मला काम आहे. उद्या दोनला या. आणि ती खुर्ची सोडवा आधी."

दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळी तयारी करून ठेवली होती. जुन्या गादीच्या स्पंजवर रेक्झिनचा तुकडा ताणून टाचलेला, मुदत संपलेले दोरे, एक जुना नीडल होल्डर. दोन स्टुलं शेजारी शेजारी मांडलेली. त्यांनी होल्डर डाव्या हातात घेतला, मिटवला, उघडला, पुन्हा मिटवला. उघडायला जरा वेळ लागला तेव्हा म्हणाल्या, "तेल पाहिजे ह्याला."

"आता बघा," त्या सावकाश बोलायला लागल्या. "तुम्ही अंगठ्यानं ढकलता. उजव्या हातात ढकललं की लॉकचे दात सुटतात, कारण ते बनवलंयच तसं. डाव्यात ढकललं की दात आणखी रुततात. म्हणून अंगठा ढकलायचा नाही, ओढायचा. आपल्या तळव्याकडे. आणि अनामिका बाहेर. जोर नको, नुसतं वळण द्यायचं. हं, करा."

मी केलं. बारीक खट्ट झालं आणि होल्डर उघडला.

मी पुन्हा मिटवला, पुन्हा उघडला. वीस-पंचवीस वेळा तरी उघडला असेल. चार महिने मी जोर लावत होते, आणि तिथे जोराचं काही कामच नव्हतं. मला हसू येत होतं आणि डोळ्यांत पाणीही.

"बास," सिस्टर म्हणाल्या. "झिजेल ते. सरकारी आहे."

त्यानंतर रोज दुपारी दोन ते साडेचार. साडेचारला त्यांची बस असायची. सुई होल्डरमध्ये कशी धरायची, तर टोक आपल्या उजवीकडे राहील अशी. टाके घालत कुठून कुठे जायचं, तर डावीकडून उजवीकडे. पेशंटच्या कुठल्या बाजूला उभं राहायचं. कात्रीसुद्धा डाव्या हातात दोरा कापत नाही, नुसता चावते, तर तिथेही अंगठा तसाच ओढून पाती एकमेकींवर कशी दाबायची. एकेक गोष्ट त्या स्वतः आधी करून दाखवायच्या, मग मला करायला लावायच्या. रेक्झिन झाल्यावर एक दिवस डब्यातून बोकडाचा कातडीसकट पाय घेऊन आल्या.

"लई घाई करता तुम्ही," त्या म्हणायच्या. "हा बोकड कुठं पळून जाणारेय का आता?"

मला मात्र खरंच घाई होती. एक जमलं की मी लगेच पुढचं विचारायचे. लांब दोऱ्यानं सलग शिवताना डावा हात कुठे न्यायचा? खोल जागी गाठ कशी खाली सरकवायची? सिस्टरांचं उत्तर ठरलेलं असायचं, "उद्या." मला वाटायचं, ही त्यांची शिस्त आहे, मुलाला एका वेळी एकच लाडू द्यावा तशी. एकदा तर मी म्हणालेसुद्धा, "सिस्टर, तुम्हाला येतंय तर आत्ताच दाखवा ना, कशाला ताणता?" त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे नुसतं बघितलं. एका मंगळवारी त्या आल्याच नाहीत. जंतुमुक्त कपड्यांचे ड्रम मोजायचेत असा निरोप आला. मी दिवसभर फणफणत होते.

त्यांच्या डाव्या अंगठ्याला त्या दिवसांत कायम चिकटपट्टी असायची. मी विचारलं तर म्हणाल्या, ऑटोक्लेव्हचं झाकण लागलं. माझ्याही अंगठ्याला होल्डरच्या कडीनं फोड आले होते. मी ते कौतुकानं त्यांना दाखवले, तेव्हा त्यांनी स्वतःच्या कपाटातून मलम काढून दिलं.

मेढेकर सरांना ह्यातलं काही ठाऊक नव्हतं. ते अधूनमधून विचारायचे, "उजवा हात काय म्हणतो?" मी म्हणायचे, "ठीक आहे, सर." तो खरोखरच ठीक होता, त्याला काही काम नव्हतं.

सत्तावीस तारखेला सकाळच्या यादीत एका बाईंचं अपेंडिक्स होतं. पस्तिशीच्या, अंगणवाडीत शिकवणाऱ्या. सरांनी अपेंडिक्स काढलं आणि हातातलं हत्यार खाली ठेवलं.

"सपकाळ, आता तू. बंद कर."

एवढ्या दिवसांत मी हा क्षण शंभर वेळा मनात रंगवला होता. प्रत्येक वेळी मी त्यात काहीतरी बाणेदार बोलत असे. प्रत्यक्षात मी टेबलाला वळसा घालून पेशंटच्या डाव्या बाजूला जाऊन उभी राहिले.

"तिकडे कुठे?" सर म्हणाले.

मी डावा हात पुढे केला. सिस्टरांनी नीडल होल्डर माझ्या हातात ठेवला. सुईचं टोक उजवीकडे होतं.

सरांनी ते लगेच पाहिलं. "सिस्टर, सुई उलटी लावलीत तुम्ही."

"उलटी नाही सर. त्यांच्यासाठी सुलटी आहे."

भूल देणाऱ्या डॉक्टरांनी डोकं वर काढून बघितलं. सर मास्कच्या वरून माझ्याकडे बघत होते.

"आपलं काय ठरलं होतं?"

"उजव्या हातानं, सर."

"मग?"

"सर, उजव्या हातानं मी हे पोट बंद करीन, पण ते बंद राहील ह्याची मला खात्री नाही. डाव्यानं केलं तर आहे. तुम्ही समोर आहात. पहिला टाका बघा, नाही पटला तर मी हत्यार खाली ठेवते आणि बाहेर जाते. अर्जावर सही करते."

आवाज माझाच होता, पण त्यात नेहमीचा आगाऊपणा नव्हता. तेवढंच मला आज आठवतं.

"पेशंट टेबलावर आहे, वाद नको," सर म्हणाले. "एक टाका."

मी आतल्या पातळ पडद्यापासून सुरुवात केली. सुई आत गेली, पलीकडून वर आली. अंगठा तळव्याकडे ओढला, अनामिका बाहेर. खट्ट. कुठे हिसका बसला नाही. गाठ मारली, सिस्टरांनी कात्री दिली, दोरा कापला. मी हात वर करून थांबले.

सर वाकून बघत होते. "हं," ते म्हणाले. "पुढे."

पुढचा घातला. त्याच्या पुढचा. मी पडदा संपवून स्नायूंवर आले, मग त्यावरच्या चिवट आवरणावर, जिथे गाठ सुटली तर बाई सहा महिन्यांनी हर्निया घेऊन परत येणार. तिथे मात्र सरांनी चिमटा मागून घेतला आणि माझी एकेक गाठ धरून ओढून पाहिली. सगळ्या बसलेल्या होत्या. शेवटी कातडी. डावीकडून उजवीकडे सहा टाके, सारख्या अंतरावर.

सरांनी त्या सहा टाक्यांवरून एकदा बोट फिरवलं. "हे तुझं तुला सुचलेलं नाही. कुणी शिकवलं?"

मी आनंदानं इतकी फुगले होते की सिस्टरांना दिलेला शब्द विसरले. "भिंगारदिवे सिस्टरांनी, सर. त्या डावखुऱ्या आहेत ना."

"कोण डावखुरं आहे?"

"सिस्टर."

सर आधी माझ्याकडे आणि मग सिस्टरांकडे बघायला लागले. मास्कच्या आत ते हसत असावेत, कारण डोळे बारीक झाले होते. "सपकाळ, मी सव्वीस वर्षं ह्यांच्या समोर उभा आहे. गेल्या वर्षी ह्यांचा उजवा खांदा धरला होता, तेव्हा दोन महिने ह्यांना डाव्या हातानं साधा चिमटासुद्धा देता येत नव्हता. मला दुसरी सिस्टर घेऊन कामं उरकावी लागली. ह्या कुठल्या डावखुऱ्या?"

सिस्टर ट्रेमधली हत्यारं सरळ लावत होत्या. वर बघायला तयार नाहीत.

"सिस्टर, मोजे काढा."

"गॉझची शेवटची मोजणी व्हायचीय, सर."

"मोजा. मग काढा."

त्यांनी रक्तानं भिजलेले गॉझचे तुकडे एकेक करून मोजले, सगळे आले म्हणून सांगितलं, आणि मोजे काढले. सर टेबलाला वळसा घालून त्यांच्याजवळ गेले. डाव्या अंगठ्याची चिकटपट्टी घामानं सुटली होती. सरांनी ती बाजूला केली आणि मला बोलावलं.

"काय दिसतंय? निदान सांग."

अंगठ्याच्या आतल्या बाजूला दोन फोड होते. एक फुटून सालपट गेलेलं, एक ताजा. अनामिकेलाही तसाच. उजव्या हाताची बोटं मी तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिली. त्यांच्या टोकांना सुया टोचल्याच्या बारीक काळ्या खुणा होत्या, डाव्या हातातली सुई चुकून जिथे लागते नेमक्या तिथे.

"फोड आहेत, सर."

"घट्टा आहे का कुठे?"

"नाही."

"जुन्या हाताला घट्टे पडतात. फोड येतात नव्या हाताला," सर म्हणाले. मग सिस्टरांकडे वळून हळू आवाजात, "ह्या वयात, सिस्टर?"

"वयाचं काय सर," सिस्टर म्हणाल्या, "दुपारी रिकामीच असते मी."

सरांनी मान हलवली. दारापर्यंत गेले आणि तिथून म्हणाले, "सपकाळ, उद्या पहिली केस हर्नियाची आहे. तू शिवायचंस. कुठल्या बाजूला उभी राहणार ते मला आधी सांग, मी दुसऱ्या बाजूला येईन. आणि पॅथॉलॉजीवाल्यांना कळवतो, त्यांनी दुसरं कुणी बघावं."

म्हणजे मी सर्जन होणार होते. हे कळून नाचायला हवं होतं, पण डोळ्यांपुढे सिस्टरांचा तो अंगठा होता. यादीतल्या उरलेल्या दोन ऑपरेशनांना मी कशी उभी राहिले मला ठाऊक नाही. दोन वाजायच्या आतच मी ऑटोक्लेव्हच्या खोलीत जाऊन थांबले, आणि खरं सांगते, मी चिडले होते. कुणी आपल्यासाठी एवढं केलं की आधी रागच येतो, निदान मला तरी येतो.

सिस्टर आल्या तशी मी विचारलं, "माझ्याशी खोटं का बोललात?"

त्या स्टुलावर बसल्या, चष्मा काढून पुसला. "तुम्हीच म्हणालात ना पहिल्या दिवशी, उजव्या हाताच्या माणसांना काय कळणार म्हणून. म्हटलं, ही पोरगी उजव्या हाताच्या बाईकडून शिकायची नाही. मग झाले डावरी."

"पण डाव्या हातानं शिकायची काय गरज होती? समोर बसून उजव्यानं दाखवलं असतं तरी मला आरशातल्यासारखं दिसलं असतं."

"गाठ दिसली असती. मी सव्वीस वर्षं समोरूनच बघते सगळ्यांच्या गाठी, त्या मला पाठच आहेत. पण ते लॉक आरशात उलटं होत नाही, डॉक्टर. ते ज्या हाताला उघडायचंय त्या हातालाच कळावं लागतं. तुम्ही खुर्चीला गाठी मारत होता त्याच रात्री होल्डर घरी नेला आणि बसले. अंगठा ढकलायचा नाही, ओढायचा, हे सापडायलाच मला झोपायची वेळ झाली. मग रोजचं ते चालू. आधी आपण करायचं, दुसऱ्या दिवशी तुम्हाला दाखवायचं."

"म्हणजे तुम्ही माझ्यापुढे एकच दिवस होता?"

"कधी कधी तेवढी पण नव्हते. तो मंगळवार आठवतो ना? मला जमलंच नव्हतं. मग काय दाखवणार, ड्रम मोजायचेत म्हणून सांगितलं." त्यांना आता हसू यायला लागलं. "घरी भाजी डाव्या हातानं चिरायची, कणीक डाव्यानं. हात तयार व्हायला पाहिजे ना. नातीची वेणी घालून दिली तर ती म्हणे, आजी, आज वेणी कानावर का आली? आमचे मिस्टर तर घाबरलेच. म्हणाले, हिच्या उजव्या अंगावरून वारं गेलं का काय, डॉक्टरला दाखवू. म्हटलं, डॉक्टरसाठीच चाललंय ते."

मला हसता येईना. ह्या बाईला मी 'कशाला ताणता' म्हणाले होते. दिवसभर पायांवर उभं राहून घरी जायचं, स्वयंपाक करायचा, आणि मग त्रेपन्नाव्या वर्षी आपला अडाणी हात घेऊन एका तोंडाळ पोरीसाठी बोटं टोचून घेत बसायचं, ह्यातलं त्यांनी मला काही कळू दिलं नव्हतं. मी आजवर चांगले शिक्षक पुष्कळ पाहिले. ज्याला येतं तो शिकवतो, त्यात काही विशेष नाही. मला शिकवायचं म्हणून स्वतः पहिलीपासून शिकलेलं माणूस मला आयुष्यात एकच भेटलं. ह्या गोष्टीला आता एकतीस वर्षं झाली, आणि त्यांचे उपकार आठवले नाहीत असा ऑपरेशनचा दिवस माझ्या आठवणीत नाही.

तेव्हा मात्र मला एवढं नीट बोलता आलं नाही. मी त्यांच्या पाया पडायला वाकले.

"खाली वाकू नका," त्या झटकन पाय मागे घेत म्हणाल्या. "फरशी घाण आहे. परत हात धुवायला लावीन."

मी उठले, आणि त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. त्यांनी रडू दिलं. पाठीवर दोनदा थोपटलं, तेही उजव्याच हातानं.

"चला, सुटले मी," त्या म्हणाल्या. "आता उद्यापासून भाजी सरळ चिरते."

"सिस्टर," मी नाक पुसत म्हणाले, "उद्या हर्निया आहे."

"मग?"

"खालच्या बाजूच्या टाक्यांना सुई उलट्या दिशेनं घालावी लागते. मनगट बाहेर वळवून. डाव्या हातानं ते कसं करायचं?"

सिस्टरांनी आपलं डावं मनगट बाहेर वळवून पाहिलं. मग म्हणाल्या, "मला नाही येत ते. अजून तिथवर आलेच नव्हते मी."

हे त्या पहिल्यांदाच म्हणाल्या. भिंतीवरच्या घड्याळात अडीच वाजले होते. त्यांनी निघायला उचललेली पर्स खाली ठेवली, स्पंजवरचं रेक्झिन ताणून बसवलं आणि दोन नीडल होल्डर काढले, एक माझ्यासाठी, एक स्वतःसाठी. आम्ही शेजारी शेजारी बसलो. कधी माझी सुई घसरायची, कधी त्यांची. मनगट वळवलं की लॉक सुटेना, लॉक सुटलं की सुई फिरून जाई. तासभर हेच. सिस्टर एका बाजूनं पुटपुटत होत्या, तोंडातल्या तोंडात होल्डर बनवणाऱ्याचा उद्धार करत होत्या.

पावणेचारच्या सुमाराला माझी सुई रेक्झिनमधून अलगद वर आली. मी पुन्हा केलं. पुन्हा आली. मी सिस्टरांकडे बघितलं, त्यांची अजून अडकलेलीच होती.

"जमलं का तुम्हाला?" त्यांनी विचारलं.

"जमलं."

त्यांनी आपलं स्टूल माझ्याजवळ ओढलं, चष्मा नाकावर नीट बसवला आणि डावा हात माझ्यापुढे केला.

"मग मला दाखवा," त्या म्हणाल्या. "सावकाश. माझा हात नवा आहे."

मी त्यांचा अंगठा धरला, फोड दुखणार नाही असा, आणि होल्डरच्या कडीत जागेवर ठेवला.